दीडशे अभ्यंग पेट्या आणि मखमली पिशवीचा मोह

पत्र

ताई, मी सिंहगड रोडला राहते. तीन वर्षांपासून घरी साबण, उटणं आणि अभ्यंगाचं तेल करते. कोथरूड आणि डेक्कनच्या दोन दुकानांत माझे साबण ठेवलेले असतात, दिवाळीत एखाद-दुसरं प्रदर्शन करते. यंदा हिंजवडीच्या एका कंपनीनं १५० पेट्यांची ऑर्डर दिली आहे. पेटीत दोन साबण, उटण्याचं पाकीट, तेलाची ५० मिलीची काचेची बाटली आणि दोन पणत्या, किंमत ६५० रुपये. १३० पेट्या ऑफिसात पोचवायच्या, २० बाहेरगावी कुरिअरनं. ‘प्रेझेंटेशन छान हवं’ एवढंच त्यांचं म्हणणं. पेटी ठरली आहे, कोरी, क्राफ्ट रंगाची, २२ बाय १६ बाय ६ सेंटीमीटर. अडलंय ते वरच्या सामानावर. बोहरी आळीतून नमुने आणि भाव आणले. एका पेटीमागे साटीन रिबन १४ रुपये, रंगीत श्रेडेड पेपर १२, टिश्यू ८, बाटलीला मखमली पिशवी २८, अ‍ॅक्रिलिकचा टॅग २२, लाखेचं सील ९, सोनेरी स्टिकर ३, हँडलची कागदी पिशवी २२. बेरीज ११८. सासूबाई म्हणतात, नफा सगळा नटण्यात जाणार. मुलगी डिझाइन शिकते, तिचं म्हणणं, लोक पेटी उघडतानाचा व्हिडिओ करतात, कंजूषपणा नको. दुकानातल्या साबणांनाही हेच लावावं का? काय ठेवू, काय काढू?

— गोंधळलेली उटणेवाली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

बेरीज करून पत्र लिहिलंत हे फार बरं झालं. बहुतेक जणी ‘रिबन बरी दिसेल की सुतळी’ एवढंच विचारतात, आणि आकडा कळतो तो तुळशीचं लग्न लागल्यावर. ६५० मधले ११८ म्हणजे १८ टक्के, आणि १५० पेट्यांचे १७,७०० रुपये. त्यात पेटी नाही, आतला माल नाही, तुमची मजुरी तर कुणीच धरत नाही. वरच्या सामानाला विक्रीच्या किमतीचा दहावा हिस्सा, हा माझा ठोकताळा. तुमच्या बाबतीत ६५ रुपये. त्यात बसवून दाखवते.

आधी दुकानांचं बाजूला काढू, कारण तिथलं उत्तर अगदी वेगळं आहे. दुकानात साबण घेणारी बाई तो स्वतःसाठी घेते आणि घेण्याआधी हुंगते. कर्वे रोडवरच्या हॉलमधल्या कुठल्याही प्रदर्शनात साबणाच्या टेबलाशी पाच मिनिटं उभ्या राहा. गिऱ्हाईक साबण उचलतं, नाकाशी नेतं, फिल्ममधून वास आला नाही की दुसऱ्या बाजूनं हुंगून बघतं आणि खाली ठेवून पुढच्या टेबलाकडे जातं. रिबन बघून कुणी थांबत नाही. तेव्हा दुकानातल्या साबणाला फक्त कागदाची पट्टी लावा, दोन्ही टोकं उघडी. श्रिंक, म्हणजे आवळून बसणारी प्लास्टिक फिल्म, नको, टिश्यू नको. उटण्याच्या पाकिटाला वर टांगायचं भोक पाडून घ्या, म्हणजे दुकानदार ते फळीवर मागे न ढकलता खिळ्याला लावेल. दुकानापुरतं एवढंच.

एक बारीक गोष्ट मात्र बघा. घरचा साबण नंतरही वाळत राहतो. पुरता मुरायच्या आत पट्टी लावलीत तर महिन्याभरात साबण आकसतो आणि पट्टी ढिली पडून बांगडीसारखी फिरते. वजनही उतरतं, म्हणजे पाकिटावर १०० ग्रॅम आणि काट्यावर ९४. चार ते सहा आठवडे मुरू द्या, मग वजन करा, मगच छापा. पट्टी साबणाला चिकटवू नका, पट्टीला पट्टी चिकटवा. साबणावर सेलोटेप लावला तर तेलानं तो सुटतो आणि जाताना साबणाचा पापुद्रा घेऊन जातो.

आता कंपनीच्या पेट्या. इथे विकत घेणारी व्यक्ती एक आणि उघडणारी दुसरी. ऑर्डर देणाऱ्या बाईंनी नमुन्याची पेटी एसी केबिनमध्ये टेबलावर ठेवलेली पाहिली, तिचा फोटो साहेबांना पाठवला. ज्याला पेटी मिळेल तो माणूस ती संध्याकाळी हिंजवडीहून दुचाकीवर नाहीतर कंपनीच्या बसनं घरी नेणार आणि तिथे त्याची आई नाहीतर बायको उघडणार. तुमच्या यादीतल्या आठ वस्तूंपैकी बहुतेक त्या केबिनमधल्या फोटोसाठी आहेत. वाटेसाठी एकच आहे, पिशवी. आणि जे सगळ्यात आधी हवं, ते यादीत नाहीच. तेल गळू नये आणि पणत्या फुटू नयेत यासाठी एक रुपयाही धरलेला नाही.

तेलापासून सुरुवात करा, कारण बाकी सगळ्याची वाट लावायची ताकद त्याच्यात आहे. पेटी ६ सेंटीमीटर उंचीची, म्हणजे बाटली आडवी राहणार. आडव्या बाटलीतलं तेल झाकणाच्या आट्यांतून पाझरतं, दुपारच्या उन्हात गाडीत ठेवलेली पेटी असेल तर जास्तच. आधी झाकणात वॅड, म्हणजे बाटलीचं तोंड बंद करणारी आतली चकती, आहे का बघा. मशीननं तापवून बसवायचा वॅड सगळ्यात खात्रीचा, पण त्यासाठी मशीन हवं. नुसता दाबून चिकटणारा फोमचा वॅड मिळतो. तो तेलाच्या बाटलीवर हमखास दगा देतो असं नाही, पण बाटलीच्या तोंडाच्या कडेला तेलाचा हात लागलेला असला तर चिकटतच नाही. भरताना निमुळतं नरसाळं वापरा आणि प्रत्येक तोंड कोरड्या फडक्यानं पुसा. त्यापेक्षा सोपं म्हणजे बाटलीच्या तोंडात घट्ट बसणारा प्लास्टिकचा आतला बूच. बाटली घेतलीत त्याच दुकानात विचारा, मापाचा मिळाला तर तोच घ्या.

मग परीक्षा घ्या. दहा बाटल्या भरून, बंद करून, पांढऱ्या टिश्यूवर आडव्या ठेवा. खिडकीत, ऊन येईल तिथे, दोन दिवस. एकीखाली जरी डाग पडला तरी प्रत्येक बाटली छोट्या झिपलॉकमध्ये घालायची. दिसायला काही शोभेचं नाही, पण ते टिश्यूच्या आत असतं, कुणाला दिसत नाही.

यावरून मखमली पिशवीचं काय करायचं ते तुम्हीच ओळखलं असेल. मखमल तेल शोषते. गळलेली बाटली मखमलीतून बाहेर निघते तेव्हा पाहुण्यांसमोर ठेवायच्या लायकीची राहत नाही. शिवाय तेल संपल्यावर ती पिशवी जाते कुठे? दागिन्याला मखमल ठीक. बाटलीला नको. २८ रुपये वाचले, आणि यादीतली सगळ्यात महाग वस्तू गेली.

पणत्या. कुंभारवाड्यातल्या साध्या लाल पणत्या असतील तर त्यांचा रंग हाताला लागतो. पांढऱ्या टिश्यूला लागतो, साबणाला तर लागतोच. ओल्या फडक्यानं पुसून दिवसभर वाळवा आणि दोन्ही पणत्या वेगवेगळ्या क्राफ्ट कागदात गुंडाळा. एकीत एक ठेवायच्या असतील तर मध्ये कोरोगेटेड पुठ्ठ्याचा तुकडा हवाच, नाहीतर आतली पणती बाहेरचीचा काठ उडवते. पणती फुटते ती बहुधा दुसऱ्या पणतीवर किंवा बाटलीवर आपटून, पेटी पडून कमी. म्हणून पेटीत कप्पे करा. त्यासाठी डाय, म्हणजे कापायचा साचा, करायला नको. थ्री प्लायच्या, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याच्या, दोन पट्ट्या, पेटीच्या आतल्या उंचीच्या, एक लांबीची एक रुंदीची, अर्ध्या उंचीपर्यंत खाच पाडून एकमेकींत अडकवल्या की चार कप्पे झाले. साबण एका कप्प्यात, उटणं दुसऱ्यात, बाटली तिसऱ्यात, पणत्या चौथ्यात. खाच मधोमध नको, बाटलीच्या लांबीनं ठरवा. पेपर कटिंगवाल्याकडे नेलंत तर ३०० पट्ट्या तो थोडक्या वेळात कापून देईल, खाचा घरी पाडता येतात.

कप्पे झाले की श्रेडेड पेपरची गरज संपते. तसाही तो माझ्या डोक्यात जातो. गुलाबी कीस साबणाला चिकटतो, पणतीत अडकतो, आणि पेटी उघडली की घरभर होतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी झाडून-पुसून लख्ख केलेल्या हॉलमध्ये सोफ्याखालून तो कीस काढणाऱ्या बाईला तुमच्या ब्रँडचं नाव जन्मभर लक्षात राहील, पण तुम्हाला हवं तसं नाही. अगदीच पोकळी भरायची झाली तर नागमोडी कापलेला घ्या, सरळ पट्ट्यांचा नको. नागमोडी तेवढ्याच वजनात जास्त फुगतो आणि बसत नाही. रंग क्राफ्टचाच.

टिश्यू ठेवा. आठ रुपयांत एवढं काम करणारं दुसरं काही नाही. झाकण उघडल्यावर पहिलं काय दिसतं ते टिश्यू ठरवतो, झिपलॉक झाकतो, पणतीचा लाल हात साबणाला लागू देत नाही. फक्त गडद रंगाचा घेऊ नका. रंगीत टिश्यू ओल लागली की रंग सोडतो, आणि ताज्या साबणाला ओल असतेच. एक ताव ओल्या बोटानं चोळून बघा. बोट रंगलं तर तो ताव परत करायचा. पांढरा किंवा फिकट पिवळा बरा.

रिबनबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या मुलीचा जीव त्यात अडकलेला दिसतो. उभी-आडवी रिबन बांधायची तर २२ बाय १६ बाय ६ च्या पेटीला लांबीकडून ५६ सेंटीमीटर, रुंदीकडून ४४, म्हणजे १०० झाली. वर फूल आणि शेपट्या मिळून ६० धरा. एका पेटीला १६० सेंटीमीटर. २५ यार्डांचा रोल म्हणजे सुमारे २३ मीटर, त्यात १४ पेट्या होतात. १५० पेट्यांना ११ रोल. आता रोलांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे हात. सराव झालेल्या बाईलाही सरळ, दोन्ही पाकळ्या सारख्या असलेलं फूल बांधायला दोन मिनिटं लागतात. १५० पेट्यांना पाच तास, आणि पन्नासाव्या पेटीनंतरची फुलं कशी दिसतात हे कुणीही प्रदर्शनवाली सांगेल. तुमच्या ११८ रुपयांत हे पाच तास कुठेच नाहीत.

कुरिअरच्या वीस पेट्यांचा हिशेब तर आणखी गमतीचा. बहुतेक खाजगी कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणतात आणि ५००० नं भागतात. तो आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त आला तर पैसे त्या आकड्याचे. स्लॅब बहुधा अर्ध्या किलोचे. तुमची पेटी भरून पाऊण किलोच्या आसपास जाईल. तिला बाहेरून २६ बाय २० बाय १० चं खोकं घातलंत तर ५२०० भागिले ५००० म्हणजे १.०४ किलो, म्हणजे दीड किलोचे पैसे. खोकं एक सेंटीमीटरनं बुटकं, ९ उंचीचं केलंत तर ४६८०, म्हणजे ०.९४, आणि पैसे एका किलोचे. पेटीच्या वर चार सेंटीमीटरचं फूल उभं असेल तर हा एक सेंटीमीटर तुम्हाला कधीच कापता येणार नाही. आणि ते फूल नागपूरला पोचेपर्यंत चपटं झालेलं असेल ते वेगळंच. तुमच्या कुरिअरवाल्याचा भागाकार आणि स्लॅब आधी विचारून घ्या, मग खोकं ठरवा.

म्हणून रिबनच्या जागी कागदाची पट्टी, साबणाला लावता तशीच, पेटीभोवती. रुंदीकडून घेर ४४, चिकटवायला २, एकूण ४६ सेंटीमीटर लांब आणि ५ रुंद. १३ बाय १९ इंची शीटवर अशा ६ पट्ट्या बसतात, म्हणजे १५० पेट्यांना २५ शीट, वर खराबीला तीन-चार. १२ बाय १८ ची शीट घेऊ नका, ती जेमतेम तीन मिलिमीटरनं कमी पडते आणि सगळा बेत फसतो. प्रेसवाल्याला मशीन कुठल्या मापाचं आहे ते पहिल्या फोनवर विचारा. कागद १५० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम) आसपास. ३०० चं कार्ड घेतलंत तर पेटीच्या कडेवर ते फाटल्यासारखं पांढरं पडतं. डिजिटल छपाईत घडीच्या रेषेवर गडद रंगाचा भरीव पट्टा ठेवू नका. टोनर तिथे तडकतो. नक्षी वरच्या भागात, घड्या कोऱ्या. हे तुमच्या मुलीला द्या करायला. पट्टीवर काय असावं, किती कोरं सोडावं, हे तिचंच काम आहे, आणि अ‍ॅक्रिलिकपेक्षा तिला ते आवडेल.

कंपनीचा लोगो आणि ‘शुभ दीपावली’ फक्त या पट्टीवर. पेटीवर नाही, साबणावर नाही, पिशवीवर तर अजिबात नाही. कंपन्या ऐनवेळी १५० चे १३८ करतात. बारा पेट्या उरल्या तर पट्टी काढून दुसरी लावली की त्या भाऊबीजेला विकल्या जातात. त्यातूनही साबण उरले तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून जातात, रथसप्तमीपर्यंत गिऱ्हाईक असतं. साल छापलेली पेटी मात्र पाडव्यानंतर रद्दी.

अ‍ॅक्रिलिक टॅगचे २२ रुपये म्हणजे कंपनीचं नाव कचऱ्याच्या डब्यात टाकायचे पैसे. लाखेचं सील खऱ्या लाखेचं असेल तर कुरिअरमध्ये तडकतं. चिकटवायची लवचिक सीलं मिळतात, पण ती पट्टीवर काय करणार? दोन्ही काढा. सोनेरी स्टिकर तीन रुपयांचा, टिश्यू बंद करायला लागतोच, राहू दे. आणि एखादी गोष्ट हौसेची हवीच असेल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जा. १९४० पासून तिथे हातकागद होतो, आणि तो हातात घेतला की कुणालाही फरक कळतो. त्याचं लहानसं कार्ड करा. खरखरीत कागदावर डिजिटल छपाई कशीबशीच उठते, रबरी शिक्का मात्र सुंदर बसतो. कार्डावर आभाराचं पाल्हाळ नको, उटणं कसं भिजवायचं ते लिहा. दूध की पाणी, किती वेळ ठेवायचं, तेल आधी की नंतर. पुण्याबाहेर वाढलेल्या अर्ध्याअधिक पोरांना हे माहीत नसतं, आणि आईला फोन करून विचारण्यापेक्षा ती पाकीट तसंच ठेवून देतात.

पिशवी, २२ रुपये. सासूबाईंना वाटेल हा तर पहिला काढायचा खर्च, पण माझं मत उलटं आहे. १३० माणसं पेटी घरी नेणार, बहुतेक दुचाकीच्या हुकला अडकवून. पिशवी नसेल तर पेटी सॅकमध्ये कोंबली जाते, आडवी-उभी, लॅपटॉपखाली. हँडलची दोरी आतून कागदाच्या पट्टीनं चिकटवलेली आहे का ते ओढून बघा, आणि तळाला पुठ्ठा घाला. पुण्यात ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस संध्याकाळीच गाठतो, तेव्हा नुसत्या क्राफ्टपेक्षा कापडी पिशवी मिळाली तर उत्तम. ती पुढे भाजीला जाते. नॉन-वूव्हन घेणार असाल तर ६० जीएसएमच्या खालची चालत नाही, पकडली तर दंड तुम्हाला. कंपनीच्या बिलात पिशवी वेगळ्या ओळीत दाखवा. त्यांना नको असेल तर त्या ओळीवर काट मारतील, पेटीचा भाव पाडणार नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. साबण-उटण्याच्या परवान्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, आहे असं धरते. नसेल तर रिबन सोडून आधी अन्न व औषध प्रशासनाकडे जा. आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम आहेत, त्यांनुसार पाकिटावर निर्मात्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-साल, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो. सौंदर्यप्रसाधनाला बॅच नंबर, घटक आणि कधीपर्यंत वापरायचं तेही. आतल्या प्रत्येक वस्तूवर हे असू दे, आणि पेटीच्या पाठीवर आत काय-काय आहे त्याची यादी. सजावटीची पट्टी त्या मजकुरावर येणार नाही हे आखतानाच बघा. पुष्कळदा सगळं नीट छापलेलं असतं आणि नेमकं एमआरपीवर फूल बसतं.

दुकानदार तुम्हाला पेटीभोवती चकचकीत फिल्म घालायचा आग्रह करेल. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली, त्यांत सजावटीचं थर्माकोल आहे, आणि मिठाईचे डबे, निमंत्रणपत्रिका, सिगारेटची पाकिटं यांच्याभोवतीची फिल्मही आहे. तुमची पेटी मिठाईची नाही. पण कंपनीनं उद्या ‘दोन लाडू पण घाला’ म्हटलं की होईल. त्या वाटेला जाऊच नका. लाडूही नको, तेल आणि साबणाच्या वासात कोण खाणार.

हिशेब असा होतो. तुमच्या ११८ मधून रिबन १४, श्रेड १२, मखमल २८, टॅग २२, सील ९ गेले, म्हणजे ८५. उरले ३३. माझ्या ६५ च्या हद्दीत अजून ३२ आहेत. त्यातून कप्पे, बूच किंवा झिपलॉक, छापील पट्टी आणि हातकागदाचं कार्ड करा. भाव तुम्हीच काढा, पण पैसे उरतील असा माझा अंदाज आहे. उरले तर बाहेरगावच्या वीस खोक्यांना चांगला पाच प्लायचा पुठ्ठा घ्या.

मुलीला सांगा, पेटी उघडतानाचं सुख तिचं म्हणणं आहे तितकंच खरं आहे. ते सुरू होतं कुरिअरच्या टेपपाशी. टेपचं टोक अर्धा इंच आत दुमडून ठेवा, म्हणजे नखानं सुटते. ज्याला पहिल्यांदा सुरी शोधावी लागते तो व्हिडिओ करायच्या मनःस्थितीत नसतो.

बोहरी आळीत पुन्हा जाल तेव्हा भरलेली पेटी घेऊन जा, रिकामी नको. रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका, नमुना घेऊन रस्त्यावर या आणि बघा. टिश्यू सगळा एकाच लॉटचा घ्या, थोडा जास्त घ्या. लॉट बदलला की पांढऱ्यातही फरक दिसतो, विशेषतः दीडशे पेट्या एका टेबलावर मांडल्या की. नवरात्र बसलं की तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि दुकानदाराला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या प्रेसचंही तेच, तेव्हा पट्टीचं प्रूफ गणपतीनंतर लगेच काढून घ्या.

सगळं ठरलं की एक पेटी पूर्ण भरून, पट्टी लावून, कुरिअरच्या खोक्यात बंद करा आणि पाडा. पॅकिंगवाल्यांची जगभर चालणारी पद्धत आहे : साधारण ७६ सेंटीमीटरवरून, म्हणजे ओट्यापेक्षा किंचित खालून, एकदा कोपऱ्यावर, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तिन्ही कडांवर आणि मग सहाही बाजूंवर, एकूण दहा वेळा. सासूबाईंना समोर बसवा, त्यांना मजा येईल. उघडून पणत्या बघा, टिश्यूवर तेल बघा. काही फुटलं तर कप्पा बदला आणि पुन्हा पाडा. मग दुसरी पेटी खरोखर कुरिअरनं पाठवा, लांबच्या नातेवाइकाकडे, आणि झाकण उघडल्यावर आतलं काहीही हलवायच्या आधी फोटो काढून पाठवायला सांगा. तो फोटो आणि कंपनीच्या बाईंची नमुन्यावरची सही, दोन्ही हातात आल्यावर उरलेल्या सामानाचे पैसे भरा.